चाळिसावं कार्ड

हैदराबाद,
शुक्रवार, २ मार्च २०१२

प्रिय अक्का,

तुझं नाव अजून कापलेलं नाही. काल दुपारी मी धनराजशेठच्या दुकानात गेलो, त्यांना समोरासमोर विचारलं, आणि त्यांनी रविवारच्या कार्डांच्या स्पर्धेची वही माझ्यापुढं उघडी केली. ‘मूळ रचना’ गटात आठ नावं आहेत. सातवं तुझं : म्हाळसा इरप्पा, चिटगुप्पा. नावाभोवती पेन्सिलीनं गोल काढलाय. त्याचा अर्थही शेठनीच सांगितला. रविवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत तो चाळीस कार्डांचा डेक तू स्वतः बांधलायस हे दाखवलंस तर गोल खोडायचा, नाहीतर नाव खोडायचं. बंगळूरच्या कंपनीचा माणूस शनिवारी संध्याकाळी इथं पोचतोय हेही पक्कं झालं. ती कंपनी आपल्याकडची नवीन कार्डं काढणार आहे, ती रचायला तिला एक माणूस हवाय, आणि तो या आठांमधूनच घेणार आहे. म्हणजे अकरा वाजता तुझं नुसतं नाव जाणार नाही, ती खुर्चीही जाईल.

हे फोनवर सांगता आलं असतं. मंगळवारी मी फोन केलाही होता. तू उचललास तेव्हा मागं झेरॉक्सचं मशीन चालू होतं, दहावीच्या पोरांची हॉल तिकिटांसाठी झुंबड उडाली होती, आणि तू ओरडून ‘बोल की रव्या’ म्हणालीस. मी अप्पांच्या गुडघ्याबद्दल विचारलं. तू म्हणालीस, ‘एवढं इचारायला भर दुपारी फोन केलास व्हय?’ मी हो म्हणालो आणि ठेवून दिला. म्हणून आज कागद घेतलाय. कागदावर मधेच गुडघ्याकडं वळता येत नाही. वळलं तरी खाडाखोड दिसते. हे पत्र उद्या सकाळच्या चिटगुप्पा गाडीच्या कंडक्टरकडं देणार आहे. गाडी तुझ्या दुकानासमोरच थांबते. दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल आणि विचार करायला तुला एक संध्याकाळ राहील.

पहिल्यापासून लिहितो, तुला सगळं ठाऊक असलं तरी. हेच मला लवकरच परक्या माणसांपुढं ओळीनं सांगायचंय, आणि ते आधी तुझ्यापुढं सांगितलेलं बरं. हळ्ळीखेडची मेंढरं विकून अप्पा हैदराबादला आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू आठ. हिमायतनगरच्या त्या पाच मजली इमारतीत अप्पा वॉचमन, अव्वा वरच्या चार घरी धुणीभांडी करायची, आणि आपण जिन्याखालच्या खोलीत. मेंढरं मला नीट आठवतही नाहीत, फक्त त्यांचा वास आठवतो, तोही अप्पांच्या घोंगडीमुळं. कार्डं आली ती २००१ साली, केराच्या बादलीतून. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांना त्यांचा मामा परदेशातून ‘ग्रिमगेट’ या खेळाच्या कार्डांची पाकिटं पाठवायचा. पाकीट फोडायचं, त्यातलं एक चमकणारं कार्ड ठेवायचं आणि बाकीची टाकून द्यायची, अशी त्यांची रीत. अव्वा ती टाकलेली कार्डं पदराला पुसून घरी आणायची. ‘चित्रं चांगली हायती, फेकवत न्हाईत,’ म्हणायची. त्यामुळं आपल्याकडं जमली ती सगळी बारकी जनावरं : उंदीर, ससे, मेंढ्या, डोंगरी बोकड. कोपऱ्यात ताकद म्हणून एक लिहिलेलं, कधी शून्य. ड्रॅगन एकसुद्धा नव्हता.

इंग्रजी तू वाचायचीस, शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि प्रत्येक कार्डावरचं बारीक अक्षर वहीत मराठीत उतरवायचीस. खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाचा चाळीस कार्डांचा डेक, प्रत्येकाला वीस जीव. आपली जनावरं चालून जायची, समोरच्यानं त्याची जनावरं आडवी घालायची. जे अडवलं गेलं नाही ते समोरच्याचे जीव घेऊन परत यायचं. वीस संपले की खेळ संपला. कुठली चाळीस घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि सगळी गंमत तिथंच होती. ती वही आज आपल्याकडं असती तर हे पत्र मला लिहावंच लागलं नसतं. हैदराबादहून सामान हलवताना ती कुठं गेली ते आपल्या दोघांनाही ठाऊक नाही.

मी कॉलेजात गेलो आणि मला इंटरनेट सापडलं. तिथं जगज्जेत्याच्या डेकची यादी सरळ छापलेली असायची, कार्ड नंबरासकट. त्या वर्षी ‘ज्वालामुखी’ चालत होता, तीन मोठे ड्रॅगन आणि ते लवकर मैदानात आणायची सोय. आबिड्सला धनराजशेठच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी पंचवीस-तीस पोरं जमायची, त्यातली वीस तरी ज्वालामुखी घेऊन. मीही अदलाबदल करत वर्षभरात तो जमवला. मी आजही म्हणतो, त्यात काही चूक नव्हतं. दोन्हीकडं सारखीच कार्डं असली की हात कुणाचा चांगला ते कळतं. आपला वाद यावरूनच व्हायचा. तू म्हणायचीस, ‘जिंकशील रं. पण तुला कंटाळा कसा येत न्हाई? समोरच्याच्या हातात काय हाय ते बसायच्या आधीच ठाऊक.’ मी म्हणायचो, ‘अन् तू दर आईतवारी हरतीस ते?’ आणि तू कार्डं पिसत पिसत, वर न बघता म्हणायचीस, ‘मी हरते ते माझं मी हरते.’

वर्षभर हरलीस. तुझी बारकी जनावरं एकेक करून पुढं जायची आणि एकेक करून ड्रॅगनच्या पायाखाली यायची. मग ती संध्याकाळ. आपण गेटजवळ अप्पांच्या खुर्चीशेजारी खेळत बसलो होतो. अप्पांना यातलं काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘पोरी, एकेक कामून सोडायलीस? मेंढरं एकटी जात न्हाईत. बोकड घाल म्होरं.’ तू हसलीस, आणि हसता हसता थांबलीस. वही काढलीस. डोंगरी बोकडाखाली तूच उतरवलेलं होतं : हा चालून गेला की एक ताकदीची सगळी जनावरं त्याच्यामागं एकत्र जातात, आणि समोरच्याला त्यातलं एकच अडवता येतं. ते कार्ड कुणीच वापरत नव्हतं, कारण बोकडाची स्वतःची ताकद एक, तो पहिल्या फटक्यात मरतो. पण मेला तर मेला, बाकीची पंधरा तोवर पलीकडं गेलेली असतात. हे जगात कुणाला दिसलं नव्हतं. मेंढरं वळलेल्या माणसाला पाच मिनिटांत दिसलं, आणि त्यावरून डेक कसा बांधायचा ते तुला दिसलं. मी तिथंच होतो आणि मला काही दिसलं नाही, हेही लिहून ठेवतो.

एकोणचाळीस कार्डं तू आठवड्यात ठरवलीस. चाळिसावं तू पांढरं कोकरू घातलंस. ताकद शून्य, खाली काही लिहिलेलं नाही, नुसतं चित्र. मी तुझ्यापुढं त्याहून चांगली तीन कार्डं टाकली. अप्पा तेव्हा सांगत होते, आपल्या कळपात एक मेंढरू मैलारच्या खंडोबाला सोडलेलं असायचं. ते विकायचं नाही, त्याची लोकर कातरायची नाही, ते नुसतं कळपाबरोबर चालायचं. तू म्हणालीस, ‘एक देवाचं असू दे.’ मी म्हणालो, ‘अक्का, चाळीसातलं एक फुकट घालवायलीस.’ तू म्हणालीस, ‘मेंढवाड्यात तेवढी जागा असतीच की रं.’ त्या कोकरानं तुला एकही डाव जिंकून दिला नाही. दोन-तीन हरवले, ते मी मोजून तुला दाखवलेही. तू ते काढलं नाहीस.

तिसऱ्या रविवारी तू माझा ज्वालामुखी चौथ्याच फेरीत पाडलास. मी म्हणालो, पुन्हा. पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही. धनराजशेठ गल्ला सोडून आत आले, तुझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘आगं, ही काय मेंढरं हाकत आलीस का काय?’ तू म्हणालीस, ‘व्हय शेठ, हळ्ळीखेडची हायती.’ सगळी खोली हसली. मीही हसलो. पण घरी येताना रस्त्यात मी तुझ्याशी बोललो नाही, ते तुला आठवतं का माहीत नाही. मला आठवतं.

नंतरचं थोडक्यात लिहितो. २००८ साली सोसायटीनं गणवेशवाले पहारेकरी ठेवले आणि अप्पांना खोली सोडायला सांगितली. तुम्ही तिघं चिटगुप्प्याला गेलात, मला इथं कंपनीत नोकरी लागली होती म्हणून मी राहिलो. तू बारावीनंतर कॉलेज सोडून झेरॉक्सच्या दुकानात का उभी राहिलीस आणि त्यामुळं कोण इंजिनियर झालं, हे आपण कधी बोललो नाही. आजही त्यावर लिहीत नाही; तेवढ्यासाठी माझ्याकडं योग्य शब्द नाहीत. तू महिन्यातून एका रविवारी पहाटेची गाडी धरून यायचीस, दिवसभर खेळायचीस, संध्याकाळच्या गाडीनं परत. शेठ तुझी वाट बघायचे. तू आलीस की पोरं आपापले डेक लपवायची. हैदराबादेत तुझा डेक फक्त तुझ्याकडं होता, आणि तो कसा चालतो ते फक्त त्या खोलीला ठाऊक होतं.

गेल्या पाडव्याला मी गावी आलो होतो. अप्पा म्हणाले, ‘दाव की गं तुजा कळप, एकदा सगळा बघू दे.’ तू अंगणात त्यांची घोंगडी अंथरलीस, तीच, जिचं फाटलेलं टोक अव्वानं लाल दोऱ्यानं रफू केलंय, आणि तिच्यावर चाळीस कार्डं ओळीनं मांडलीस. बोकड पुढं, मेंढ्या मागं, कोकरू शेवटी कोपऱ्यात, लाल टाक्यावर. अप्पांनी काठीचं टोक न लावता एकेक ओळ मोजली. मी नव्या फोननं फोटो काढला. तू म्हणालीस, ‘फोटू कशाला रं?’ मी म्हणालो, ‘असू दे.’ अव्वानं हाक मारली, आपण पुरणपोळी खायला आत गेलो.

त्यानंतर दोन महिन्यांत तो डेक सगळीकडं झाला. ‘कळप’ याच अर्थाचं इंग्रजी नाव त्याला पडलं. ‘ग्रेवुल्फ’ नावाच्या कुणीतरी एका साइटवर यादी टाकली होती, ती लोकांनी उचलली, युरोपातल्या कुठल्याशा शहरात एकानं तिच्यावर मोठी स्पर्धा जिंकली, आणि ज्वालामुखी घेऊन बसणारी तीच वीस पोरं शेठच्या खोलीत मेंढ्या घेऊन बसू लागली. मग त्यावरचा उताराही आला. बोकड खाली पाडणारं ‘दरी’ नावाचं कार्ड प्रत्येकजण चार-चार ठेवू लागला. तू जुलैत आलीस आणि तीन डाव हरलीस. ऑगस्टात पाच. तुझी मेंढरं कुठून येणार ते समोरच्याला तू बसायच्या आधीच ठाऊक असायचं. तू एकदाच म्हणालीस, ‘आता मलाच कंटाळा यायलाय बघ,’ आणि मी दुसरीकडं बघत पाणी प्यायलो.

डिसेंबरचा तो रविवार तू विसरली नसशील. तुझ्यासमोर मलकपेटचा एक कॉलेजकुमार बसला होता, तुझाच डेक घेऊन, चाळीसच्या चाळीस. मी शेजारच्या टेबलावर होतो. त्यानं कोकरू खाली ठेवलं आणि तू बघत राहिलीस, तेव्हा त्याला वाटलं तुला समजलं नाही. तो समजावून सांगायला लागला. ‘अक्का, इस मेमने को फालतू नक्को समझो. सामनेवाला सोचता इसमें कुछ तो है, डर के मारे बकरे को छोड के इसको रोकता. ग्रेवुल्फ ने लिखा है.’ तू विचारलंस, ‘ग्रेवुल्फने ऐसा लिखा?’ तो म्हणाला, ‘हौ, पूरे दो पन्ने.’ तू तुझ्या हातातलं कोकरू उपडं ठेवलंस, डाव शेवटपर्यंत खेळलीस आणि हरलीस. इमलीबन स्टँडवर गाडीची वाट बघताना तू इतकी हसलीस की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. ‘रव्या, मैलारचं कोकरू, अन् त्याच्यावर दोन पानं!’ मग हसणं थांबलं. ‘पर चाळीसच्या चाळीस? कोकरासकट? दुसऱ्या कुणाला बोकड सुचंल, मान्य. कोकरू कसं सुचंल रं?’ मी म्हणालो, ‘दुकानात शंभर जण बघतात तुझा डेक.’ तू माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलंस. तेवढ्यात गाडी लागली.

गेल्या महिन्यात ‘मूळ रचना’ गट जाहीर झाला. शेठनी डेक तपासायला तिघांना नेमलं, त्यात मी. नियम साधा : आधी छापल्या गेलेल्या कुठल्याही डेकशी तिसाहून जास्त कार्डं जुळली तर गटाबाहेर. तू दोन दिवस विचार करून तोच डेक पाठवलास. फोनवर म्हणालीस, ‘माझा हाय तर कामून पाठवू नको?’ तक्रार आली ती माझ्याच टेबलावर. पाकिटात ग्रेवुल्फच्या यादीचा छापील कागद, एप्रिल २०११ ही तारीख लाल शाईनं अधोरेखित केलेली, खाली लिहिलेलं : चाळीसपैकी चाळीस. मी ‘मिळाली’ म्हणून सही केली. शेठ म्हणाले, ‘हे बघ रवी, पोरगी २००७ पासनं हेच खेळायलीय, मला ठाऊक हाय. पर माझं ऐकून बंगळूरवाला गप बसंल का? अन् तू तर भाऊ. तुझ्या बोलण्याला काय वजन? कागद आण, न्हाईतर यातनं बाजूला हो.’ मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. भाऊ असल्यामुळं मला गप्प बसायची परवानगीच मिळाली होती.

शेठकडून हे कळल्यावर तू त्या संध्याकाळी फोन केलास. रडली नाहीस, चिडलीही नाहीस. म्हणालीस, ‘भावाचं ऐकत न्हाईत तर त्या लांडग्याला हुडक. त्यानं कुठनं उचललं ते त्याला तर ठाऊक असंल. म्हणावं, बाबा, तुझं काय घेत न्हाई मी. फकस्त एवढं सांग, कुणाचं हाय.’ मी म्हणालो, ‘बघतो.’ याला आज अकरा दिवस झाले.

अक्का, तो मीच आहे. पाडव्याहून परत आलो त्या आठवड्यात साइटवर ज्वालामुखीवरून भांडण चाललं होतं. तिथं मी चार वर्षं लिहीत होतो आणि कुणी मला उत्तरसुद्धा देत नव्हतं. मला वाटलं, एकदा तरी सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघावं. फोटो चढवला. चढवण्याआधी त्याची डावीकडची पट्टी कापली, कारण तिथं तुझा हात होता, कोकराशेजारी टेकलेला. हिरव्या बांगड्या आणि नखात टोनरची काळी रेघ. पाच मिनिटांत कुणीतरी विचारलं, हे तू स्वतः बांधलंस का? मी तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली. पुढं कुणी कोकराचं विचारलं. खरं सांगायचं तर त्यात अप्पा आले असते, मैलार आला असता, तू आली असतीस. म्हणून मी दोन पानं रचली, आणि ती दोन पानं तुला एका परक्या पोरानं शिकवली. यादी जगभर गेली, फोटो मूळ पानावरच राहिला. ते पान आता कुणी उघडत नाही. तू उघडलं असतंस तर घोंगडी लगेच ओळखली असतीस. तुझ्या दुकानातलं नेट हॉल तिकिटांपुरतंच चालतं, त्यावर मी वर्षभर निभावून नेलं. जिंकणारा डेक नक्कल करून खेळणं मला कधी चूक वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण ती पोरं कुणाचा डेक ते सांगून खेळत होती. मी तेवढंही केलं नाही.

पाकिटात न कापलेला फोटो आहे, तुझ्या हातासकट. मागं तारीख टाकली आहे. पंचाचं काम मी काल सोडलं. का ते शेठना अजून सांगितलेलं नाही, कारण तुझ्याआधी ते कुणाला कळू नये असं वाटलं. रविवारी अकराच्या आत मी शेठसमोर आणि बंगळूरच्या माणसासमोर ग्रेवुल्फचं खातं उघडून दाखवणार आहे. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडं नाही, एवढा पुरावा मी कोण ते ठरवायला पुरेल. त्या दोन पानांखाली हे कुणाचं आहे ते तिथंच, सगळ्यांदेखत लिहीन. त्यानंतर मला त्या खोलीत कुणी खेळायला बसू देणार नाही, आणि ते योग्यच होईल. शेठ म्हणतील, फोटो काय, बहीण-भाऊ मिळून आज काढतील. म्हणून अप्पांना सांगून घोंगडी घेऊन ये. लाल टाके साइटवरच्या फोटोत स्पष्ट आहेत, अन् अव्वासारखे वाकडे टाके दुसरं कुणी घालत नाही. साडेसहाची गाडी सव्वादहाला इमलीबनला लागते. मी फलाटावर उभा असेन. तू माझ्याशी बोलली नाहीस, घोंगडी माझ्या हातात दिली नाहीस, सरळ रिक्षा करून पुढं निघालीस, तरी मी मागून येईन. घोंगडी टेबलावर अंथरून तू कार्डं मांडशील. बंगळूरचा माणूस प्रत्येकाला विचारतो तसंच तुलाही एकेका कार्डाचं कारण विचारेल, आणि शेवटी कोपऱ्यातल्या पांढऱ्या कोकराशी थांबेल. तेव्हा मी तोंड उघडणार नाही. ते तू सांगायचंस.

अजून म्हणता येत असेल तर,
तुझाच
रवी